चुड्याच्या पेटीतली पुस्तकं

भाद्रपद वद्य ४, शके १८५२. शिरूर

पितरपाट लागला. पंधरा दिवस कुणी चुडा भरत नाही. पेटी कोपऱ्यात पडून आहे आणि मीही रिकामी, म्हणून ही वही उघडली. नगरच्या व्यापाऱ्याने दोन वर्षांपूर्वी दिली होती, कोरीच राहिली. लहानपणी नगरला मावशीकडे राहून चार यत्ता शिकले, मग लग्न होऊन मोगलाईत, निजामाच्या मुलखात आले. तेव्हापासून लेखणी हातात धरली नव्हती. अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

मी चंद्रभागा, कासारीण. घरचे बाजारात बांगड्यांचं दुकान मांडतात. त्यांचं नाव धोंडीराम. तोंडानं घेत नाही, वहीत लिहायला हरकत नसावी. मी पेटी डोक्यावर घेऊन आसपासची खेडी फिरते. कुठल्याही घरात पार माजघरापर्यंत जाते. देशमुखाचं असो की मजुराचं, कासारणीला दारात कुणी अडवत नाही.

आता मुख्य गोष्ट. तीन वर्षांमागे नगरहून माल आला तेव्हा बांगड्यांच्या जुड्या छापील कागदांत गुंडाळलेल्या होत्या. एका कागदावर गोष्ट होती. एक बाई पुरातून वाचण्यासाठी झाडावर चढून बसली आहे, खाली पाणी चढतंय, आणि वरच्या फांदीवर कुणीतरी श्वास घेतल्याचा आवाज येतो. इथं कागद संपला. मी सगळ्या जुड्या सोडल्या. पुढचं पान कुठंच नव्हतं. दोन दिवस भाकरी गोड लागली नाही. पुढच्या खेपेला मी व्यापाऱ्याच्या दुकानात रद्दीच्या ढिगावर बसून ते पुस्तक जुळवलं. तो हसला आणि म्हणाला, "बाई, असली अजून पुष्कळ आहेत, न्या." घरच्यांनी दाभणानं पानं शिवली. आज माझ्याकडे अशी आठ पुस्तकं आहेत. पेटीत खाली पुस्तकं, वर बांगड्या.

मी एकटी वाचून थांबले असते तर बरं झालं असतं का, हे या वहीत खरं खरं लिहायचं आहे. पण वाचलेलं पोटात राहत नाही. चुडा भरताना बाईचा हात माझ्या हातात असतो, अर्धी घटका तरी. बोलणार काय? मी सांगू लागले, "सध्या मी अमुक वाचते आहे." असं सांगता सांगता वाचणाऱ्या दोघी सापडल्या आणि ऐकणारी एक.

भाद्रपद वद्य १०

आज करंजवाडीला गेलते, सुंदरमावशीकडे. मावशी गुरवाची लेक. बापाच्या मांडीवर बसून पोथीवरची अक्षरं शिकली. बारा वर्षांपूर्वी कुंकू पुसलं. तेव्हापासून मनगटं मोकळी. ज्या घरी चुडा भरायचा नाही, तिथं मी पेटी घेऊन जाते. जाताना मागच्या बोळातून जाते, कुणाच्या डोळ्यावर नको.

मावशी बोट लावून वाचते, एका दिवसात चार पानं. पण वाचलेलं विसरत नाही. तिच्याकडे लाल पुठ्ठ्याचं पुस्तक होतं. त्यात एक मुलगी परगावी, सासरी राहून, मुलींची शाळा चालवते. माहेरी आई आजारी पडते, तरी ती जात नाही, परीक्षा उरकेपर्यंत थांबते, आणि पोचते तेव्हा आई गेलेली असते.

"काय वाटलं, मावशी?"

"नालायक पोरगी," मावशी म्हणाली. "आई मरायला टेकली आन् ही गणितं शिकवत बसली. सांग तुझ्या त्या देशमुखाच्या सुनेला. ती म्हणती ना, पोरीचं बरोबर हाय? तिला म्हणावं, तू आई झालीस की कळंल."

रागानं तिनं पुस्तक माझ्याकडे सरकवलं. गोष्टीतल्या मुलीवर एवढा राग कावून, मला उमगलं नाही. मावशीची स्वतःची लेक अंबडला दिली आहे, चार वर्षं माहेरी आलेली नाही. पण मावशी तिचं नावही काढत नाही.

एक तक्रार मात्र खरी निघाली. पुस्तकातलं एक पान नाही. शिलाई सैल पडली असेल. घरच्यांना सांगितलं तर म्हणाले, "माझी शिलाई सुटत न्हाई." पुरुषांना आपलं काम कधी चुकीचं वाटत नाही.

अश्विन शुद्ध २

घट बसले. आता पाय दुखेपर्यंत फिरायचं. आज करंजवाडीच्याच देशमुखांकडे गेले. मोहनराव देशमुखांची सून रुक्मिणीबाई नगरकडची, सहा यत्ता शिकलेली. तीन वर्षं तिला माहेरी धाडलेलं नाही. माजघरात बसून मी तिचा हात दाबून मऊ केला आणि हळूच विचारलं, "काय वाचताय सध्या?"

तिचं उत्तर सुरू झालं की थांबत नाही. ग्रहताऱ्यांचं पुस्तक तिनं दोनदा वाचलं. आता लाल पुस्तक परत मागितलं, सुंदरमावशीला चोख उत्तर द्यायचं म्हणून. एकाच गावात राहून दोघींनी एकमेकींना बघितलेलं नाही. देशमुखाची सून गुरवाच्या बोळात जात नाही आणि मावशी देशमुखांच्या चौकात येत नाही. दोघींचं भांडण माझ्या तोंडून चालू आहे. एकीचा शब्द दुसरीला पोचवताना मी जरा मऊ करते. "नालायक" हा शब्द मी सांगितला नाही.

रुक्मिणीबाई म्हणाली, "त्यांना सांगा, त्या मुलीनं मुद्दाम काही केलं नाही. मला माहीत आहे." कसं माहीत, ते विचारलं तर तिनं मान खाली घातली.

तिची सासू सुभद्राबाई उंबऱ्यात सूप घेऊन बसलेली असते. मूग निवडते. मी येते तेव्हा तेच मूठभर मूग सुपात असतात, जाते तेव्हाही तेच. आमच्यावर पाळत ठेवायला बसते, दुसरं काय. तिच्यासमोर आवाज चढवायची भीती वाटते. मग आम्ही आवाज उतरवला की ती खेकसते, "काय कुजबुजता गं? मोठ्यानं बोला!"

अश्विन शुद्ध ५

देशमुखांच्या शेतावर बायनाबाई भेटली. तिला अक्षरओळख नाही, पण तिच्यासारखी ऐकणारी मी पाहिली नाही. बांधावर बसून एक प्रकरण सांगितलं की ती ते खुरपताना पाच बायांना जसंच्या तसं सांगते. कधी माझ्यापेक्षा चांगलं सांगते. लाल पुस्तकाची तिची अजून निम्मीच गोष्ट झाली आहे. पोरीच्या आईचा निरोप आला, इथवर.

"मंग गेली का न्हाई ती?"

"पुढच्या खेपेला."

"चंद्राबाई, तुमी लई वंगाळ बाई हाव," असं म्हणून तिनं मला मूठभर शेंगा दिल्या.

अश्विन शुद्ध ११

काल दसरा झाला. सात दिवसांत पेटी चार वेळा रिकामी झाली. घरचे म्हणाले, "पेटीचं वजन लई झालंय. मान मोडंल एखाद दिवशी." मला वाटलं आता पुस्तकं काढा म्हणतील. सकाळी उठून बघते तर पेटीला नवीन पट्टा लावलेला, खांद्यावर घेता यावी म्हणून. स्वतःच्या जुन्या वहाणेचं कातडं कापून लावलाय. आता स्वतः अनवाणी फिरतात. विसराळू माणूस, नवीन वहाणा घ्यायचं लक्षातच येत नाही.

कार्तिक शुद्ध ६

आज लिहवत नाही, तरी लिहिते.

देशमुखांच्या दारात पाय टाकला तर मोहनराव स्वतः ओसरीवर उभे. हातात लाल पुस्तक. सुनेच्या अंथरुणाखाली सापडलं म्हणे. मी पेटी खाली ठेवली नाही, पळून जावंसं वाटलं.

"कासारणीबाई," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. त्याचीच जास्त भीती वाटली. "गुरवाच्या सुंदरकडं तू दर पंधरवड्याला जातीस. खरं का खोटं?"

"खरं, मालक."

"तिला चुडा भरायचाय का?"

मी पेटीचा पट्टा धरून उभी.

"विधवेच्या घरात कासारणीचं काय काम, एवढं मला सांग. मी समजत होतो काही चोरीमारीचं असंल. हे त्याहून वाईट निघालं. इंग्रजी हद्दीतले कागद आणून बायकांच्या डोक्यात भरतीस. त्या पोरीची गोष्ट हाय म्हणं यात. घर सोडून जाणाऱ्या. माझ्या सुनेनं काल मला विचारलं, माहेरी कावून धाडत न्हाई. तीन वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं तिनं माझ्यासमोर."

पेटी उघडून दाखव म्हणाले. दाखवली. बांगड्या ओसरीवर काढल्या, खालची सात पुस्तकं निघाली. त्यांनी एकालाही हात लावला नाही, फक्त मोजली. मग म्हणाले, "पाटोद्याला तहसीलदाराकडं अर्जी देतो. जमाव करून, परमुलखातलं छापील वाचून दाखवणं हे सरकारात चालत न्हाई. आन् या गावात पुन्हा पेटी दिसली तर फोडीन."

माजघराच्या दारात सुभद्राबाई उभी होती. सूप हातात होतं.

कार्तिक शुद्ध ८

पाटोद्याहून जमादार आला. पुस्तकांना दोरी बांधून लाखेचा शिक्का मारला, कचेरीत न्यायला. माणूस भला होता, पाणी मागून प्याला आणि म्हणाला, "बाई, वद्य पंचमीला कचेरीत या. खरं बोला, थोडं बोला." शेजारपाजार गोळा झाला होता. कासार गल्लीत आजवर कुणाच्या दारात शिक्का मारला गेला नव्हता. चुलतसासरे दारातून बघून आत आले नाहीत.

कार्तिक शुद्ध १०

दुसऱ्या दोन गावांतूनही निरोप आले, इकडे येऊ नका म्हणून. देशमुखांचा शब्द लांब जातो.

कार्तिक शुद्ध १४

घरच्यांनी आज एक तोड सुचवली. "साहेबांला सांग, ही पुस्तकं न्हाईतच. रद्दी हाय. बांगड्या गुंडाळायला आणलेली. कोण न्हाई म्हनंल? नगरहून माल असाच येतो. जकातीच्या नाक्यावरचे लोकबी साक्ष देतील."

खरंच, यात काय चुकीचं? रद्दीच होती ती. मी असं सांगितलं तर खटला तिथंच संपेल, गावं पुन्हा उघडतील, रुक्मिणीबाईचं आणि मावशीचं नावही येणार नाही. मी म्हटलं, असंच सांगते. घरच्यांनी मान हलवली, पण खूश दिसले नाहीत. त्यांनीच सुचवलं आणि तेच नाराज. माणसाचा थांग लागत नाही.

मी मात्र हलकी झाले आहे. निदान असं वाटतंय.

कार्तिक वद्य १

हलकी झालेली नाही. आज पाट्यावर चटणी वाटताना पुरात झाडावर बसलेली बाई आठवली. ती रद्दी होती?

पण पोट मोठं आहे. मी रद्दीच म्हणणार.

कार्तिक वद्य ७

दोन दिवस लिहायला बसताच आलं नाही. माणसं येत राहिली. आता एका बैठकीत सगळं लिहून काढते, नाहीतर काही तरी सुटेल.

पंचमीला सकाळी पाटोद्याच्या कचेरीत पोचलो. तहसीलदारसाहेब वयस्क, चष्मा लावलेले, दाढी आखूड. त्यांची भाषा उर्दू, म्हणून शेजारी पेशकार मराठी करून सांगायला. मोहनराव देशमुखांना बसायला खुर्ची दिली. आम्ही दोघं उभे. टेबलावर देशमुखांकडचं लाल धरून माझी आठ पुस्तकं, शिक्का तोडलेला.

पेशकारांनी अर्जी वाचली. मग साहेबांनी मला विचारलं, "हे काय आहे, बाई?"

"रद्दी, साहेब," मी म्हटलं. "बांगड्या गुंडाळायची."

पेशकारांनी सांगितलं. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, मग देशमुखांकडे. देशमुख हसले. उठून त्यांनी वरचं लाल पुस्तक उचललं.

"रद्दी हाय ना? मंग माझी काही तक्रार न्हाई. बाईनं इथंच साहेबांसमोर फाडावी, गुंडाळायच्या आकाराची. मी अर्जी मागं घेतो."

आणि पुस्तक माझ्या हातात दिलं.

घरच्यांची शिलाई माझ्या अंगठ्याखाली लागली. बारीक, एकसारखी. एक टाका सैल नव्हता. मी पहिलं पान धरलं. ओढलं नाही. किती वेळ गेला माहीत नाही. घरचे माझ्या मागे उभे होते, त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग ते हळूच म्हणाले, "नको फाडू."

"साहेब, मी खोटं बोलले," मी म्हटलं. आवाज माझाच होता पण फार मोठा निघाला. "रद्दी न्हाई. पुस्तकं हायत. मी वाचते. वाचलेलं दुसऱ्यांना सांगते. ज्यांना येतं त्यांना वाचायला देते. काय वाचलं, काय वाटलं, एकमेकींना सांगतो. दुसरं काही न्हाई."

"एकमेकींना म्हणजे कुणाला? नावं सांगा," पेशकार म्हणाले.

"नावं सांगणार न्हाई."

"तुमच्यावर शिक्षा येईल."

"येऊ द्या."

साहेबांनी लेखणी उचलली. आणि दाराकडून आवाज आला, "त्यातलं एक माझ्याकडं होतं. माझं नाव लिवा."

सुंदरमावशी. अंगावर धुवट आलवण, पाय धुळीनं भरलेले. मागे बायनाबाई. दोघी रात्रीच बाजरीच्या गाडीत बसून निघाल्या होत्या. मावशी कचेरीच्या मधोमध येऊन उभी राहिली आणि साहेबांना म्हणाली, "मी गुरवाची सुंदर. विधवेच्या घरी कासारीण कावून जाती, असं यांनी विचारलं म्हनं. ती माझा रिकामा हात हातात घेती आन् पुस्तक देती. बारा वर्षांत माझा हात दुसऱ्या कुणी धरला न्हाई."

मी तोवर याचा असा विचार केला नव्हता. चुडा भरायची सवय, समोर बाई बसली की हात धरला जातो.

पेशकार साहेबांना सांगत होते तोच बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज झाला. पडद्याची दमणी कचेरीच्या पायरीला लागली. मोहनराव खुर्चीतून उठले, कारण बैल त्यांचे होते. पडदा सरकवून आधी सुभद्राबाई उतरली. मग तिनं हात देऊन सुनेला उतरवलं.

मला वाटलं, संपलं. सासू सुनेला साक्षीला घेऊन आली. माझ्याविरुद्ध.

सुभद्राबाई पदर सारखा करून साहेबांना म्हणाली, "अर्जी आमच्या मालकांची हाय. पर पुस्तक माझ्या घरात सापडलं, तवा मलाबी विचारावं सरकारानं. सून वाचती आन् मी ऐकती. दोन वरीस झाले. मूग निवडून निवडून बोटं झिजली माझी. त्यात एक वंगाळ शब्द न्हाई. माझ्या सासूनं, माझ्या आईनं सांगितलं न्हाई असलं शहाणपण त्यात हाय. कुणाला शिक्षा करायची तर आधी मला करा."

मोहनरावांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं. "तू घरी जा," एवढंच म्हणाले.

"तुमच्यासंगंच जाईन," ती म्हणाली. आणि तिथंच भिंतीला टेकून बसली.

साहेबांनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देशमुखसाहब, ये तो आपके घर का मामला निकला." कारकून हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी एकेकीला विचारायचं ठरवलं. कोण काय वाचतं, त्यात काय आहे. राजद्रोहाचं असेल तर कळेलच. आधी रुक्मिणीबाईला विचारलं. ती भिंतीकडे तोंड करून, पण स्पष्ट बोलली. ग्रहण कसं लागतं ते तिनं सांगितलं, मग लाल पुस्तकातल्या शाळेच्या मुलीबद्दल सांगू लागली.

"ती नालायक हाय," सुंदरमावशी मधेच म्हणाली.

रुक्मिणीबाई गर्रकन वळली. तोपर्यंत तिला कळलं नव्हतं की ही मावशी कोण. "तुम्ही सुंदरमावशी?"

"हो. आन् तू ती देशमुखाची सून. आईला टाकणाऱ्या पोरीची बाजू घेणारी."

"तिनं टाकलं नाही!"

"टाकलंच. निरोप आला तरी बसून राहिली."

"निरोप पोचलाच नव्हता तिला!"

कचेरी, साहेब, सासरा, सगळं विसरून दोघी एकमेकींच्या समोर उभ्या. दोन वर्षं मी ज्यांचे शब्द मऊ करून पोचवत होते, त्या आता कडक शब्दांनीच बोलत होत्या. पेशकार भांबावून साहेबांना दोघींचं सांगत होते. साहेब पुढे झुकले आणि विचारलं, "फिर लड़की आखिर घर पहुँची के नहीं?"

"पोचली, पर तवर तिची आ..." मावशी सांगायला लागली.

"सांगू नका!" बायनाबाई ओरडली. कचेरीतली कबुतरं उडाली. "मला अजून ऐकायचंय! माझं निम्मंच झालंय!"

तेव्हा साहेब हसले. चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांनी बायनाबाईला सांगितलं, थोडा वेळ बाहेर पायरीवर जाऊन बस. ती कानांवर हात ठेवून बाहेर गेली.

मग रुक्मिणीबाईनं चोळीतून एक घडी केलेला कागद काढला. लाल पुस्तकातलं पान. घरच्यांची शिलाई सुटली नव्हती, तिनंच ते हलक्या हातानं काढून ठेवलं होतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "रोज वाचावंसं वाटायचं. पण या पानाशिवाय तुम्ही तिला दोष द्याल, हे ध्यानात आलं नाही."

सुंदरमावशीनं पान हातात घेतलं. खिडकीच्या उजेडात गेली आणि बोट लावून मोठ्यानं वाचू लागली. एकेक शब्द. आईनं तीन निरोप धाडले होते. तिन्ही सासरच्या माणसानं दडपून ठेवले. मुलीला वाटत होतं, आई रागावली आहे म्हणून बोलावत नाही. कचेरीत सगळे थांबले होते. देशमुखही. पान संपायला पुष्कळ वेळ लागला, कुणी घाई केली नाही.

"म्हंजे पोरीला म्हाईतच नव्हतं," मावशी म्हणाली. पान घडी करून तिनं ते रुक्मिणीबाईच्या हातात ठेवलं आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. मग खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. गोष्ट आहे मावशी, खरं नाही, असं मी म्हणणार होते. घरच्यांनी माझ्या कोपराला धरून गप्प केलं.

साहेबांनी हुकूम सांगितला. पुस्तकांत गुन्हा काही नाही, सगळी परत करावीत. पण माणसं जमून वाचायचं तर जाब्त्याप्रमाणे, म्हणजे सरकारी नियमानं, इजाजत लागते, ती आजवर घेतली नाही हे चुकलं. मग पेशकारांना म्हणाले, यांच्याकडून अर्ज लिहून घ्या आणि आजच इजाजतनामा द्या: बाजाराच्या दिवशी, दिवसाउजेडी, कासाराच्या दुकानापुढे, पुस्तकं वाचायला आणि त्यावर बोलायला. शिरूरच्या शाळेतले शहादेव मास्तर कामासाठी कचेरीत आलेले होते, त्यांनी उर्दूत अर्ज लिहिला. अर्जदाराचं नाव काय, त्यांनी विचारलं. मी घरच्यांकडे बघितलं. ते म्हणाले, "तिचंच लिवा."

सही मी केली. बालबोधीत, वाकडी.

मोहनराव निघताना माझ्यासमोर थांबले. मी मान खाली घातली. ते म्हणाले, "पेटी फोडीन म्हणालो होतो. न्हाई फोडणार." आणि दमणीपुढे चालू लागले. सुभद्राबाईनं पडद्यातून तोंड काढून मला सांगितलं, "दशमीला ये. सुनंला माहेरी धाडायची हाय, नवा चुडा भरायचाय."

कार्तिक वद्य १०

करंजवाडीला पुढच्या दारानं गेले. रुक्मिणीबाईला हिरवा चुडा भरला. सुभद्राबाईनं या वेळी मूग आणले नाहीत. जवळ बसून म्हणाली, "हं, वाच मोठ्यानं."

सुंदरमावशीच्या दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, पहाटेच अंबडला गेली, लेकीकडे. अचानक काय काम निघालं, कुणाला सांगितलं नाही.

कार्तिक वद्य १३

बायनाबाईची गोष्ट पूर्ण केली. तिनं बाजूचं खुरपं उचललं. मग म्हणाली, "मी असती तर त्या सासरच्याला खुरप्यानं..." आणि तिनं हवेत खुरपं फिरवलं. उद्या सगळ्या शेताला ही गोष्ट कळेल.

मार्गशीर्ष शुद्ध ४

आज पहिली बैठक झाली.

दुकानापुढे घरच्यांनी घोंगडी अंथरली आणि इजाजतनामा खांबाला अडकवला, कुणी विचारलं तर दाखवायला. मी म्हणत होते, पाचसहा जण येतील. ऊन कलायच्या आत घोंगडी पुरेना. शहादेव मास्तर बायकोला घेऊन आले. बिभीषण शिंपी हातातलं काम घेऊन आला, शिवता शिवता ऐकतो म्हणाला. कासार गल्लीतल्या बायका आल्या. ज्या दोन गावांनी येऊ नको म्हटलं होतं, तिथल्याही दोघी आल्या आणि आधी चुडा भरायला हात पुढे करून, "पेटी कवा आणता?" असं विचारू लागल्या. चुलतसासरे लांब पाराकडे बसले होते. हळूहळू सरकत घोंगडीच्या काठापर्यंत आले.

नियम एकच ठेवला. ज्यानं त्यानं सध्या काय वाचतो, ऐकतो, ते सांगायचं, आणि आवडलं की नाही तेही. मास्तर जरा पुस्तकी बोलले. बिभीषण म्हणाला, परवा माझ्याकडून नेलेलं एक पुस्तक त्यानं अर्धं वाचून सोडून दिलं, कंटाळवाणं होतं. सगळ्यांना आधी धक्का बसला, मग ते माझ्याकडून ऐकलेल्या तिघींनी कबूल केलं की त्यांनाही तेच वाटलं होतं. सुंदरमावशी अंबडलाच आहे, पण तिनं एका गाडीवानाबरोबर सांगावा धाडला होता: मागं वाचलेलं घरगुती औषधांचं पुस्तक चांगलं आहे, मात्र सुंठेचं प्रमाण चुकलंय, आणि लेक संगं येत आहे, तिलाही अक्षरं येतात, तिच्यासाठी एक राखून ठेवा.

मग बायनाबाई उभी राहिली. वाचता येत नाही म्हणून हिनं काय सांगावं, असं एकीनं म्हटलं. बायनाबाईनं लाल पुस्तकाची गोष्ट सुरू केली. अर्ध्या बाजारानं व्यवहार थांबवला. भाजीवाल्या पाट्या उचलून जवळ आल्या. मुलीच्या आईचा तिसरा निरोप आला तेव्हा चुलतसासऱ्यांनी नाक शिंकरलं. आणि बायनाबाई तिथंच थांबली, आईपर्यंत पोचायच्या आधी.

"पुढं?" सगळे ओरडले.

"पुढचं पुस्तकात हाय," बायनाबाई म्हणाली. "वाचा की."

त्यानंतर जी झुंबड उडाली ती लिहिता येणार नाही. आठही पुस्तकं दहा मिनिटांत गेली. शेवटचं बायनाबाईनं उचललं. "तुमच्या घरी वाचणार कोण?" मी विचारलं. "बघू," ती म्हणाली, "आधी घरात तर येऊ द्या."

घोंगडी झटकून आम्ही पेटी उचलली. घरच्यांनी तळात हात घालून बघितला. बांगड्यांखाली काहीच नव्हतं.

"समदी गेली?"

"समदी."

"आन् तू काय वाचणार?"

मी हसायला लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात वाचायला एक कागद नाही. शिरूरमध्ये, करंजवाडीत, आणखी दोन गावांत आज दिवे लागायच्या आधी माझी आठ पुस्तकं उघडली गेली असतील, आणि मी रिकाम्या हातानं चुलीपुढे बसले आहे. इतकं श्रीमंत मला कधी वाटलं नव्हतं.

उद्या पहाटे आम्ही दोघं नगरला निघतो आहोत. घरच्यांनी शेजारची बैलगाडी ठरवली आहे. पेटीत मावणार नाहीत म्हणाले.